बिनगाठीची लडी

आमच्या बाईंच्या तपासणीच्या खोलीतलं घड्याळ भिंतीकडे तोंड करून टांगलेलं असायचं. टिकटिक ऐकू यायची, पण वाजले किती ते कळायचं नाही. नवीन माणसाला वाटायचं, साफसफाई करताना चुकून उलटं लागलं असेल. कुणी सरळ करायला गेलं की बाई म्हणायच्या, "राहू दे. ते रुसलंय." खरं कारण असं, की पेशंटबरोबर आलेली माणसं सारखी घड्याळाकडे बघायची. कुणाची बस असायची, कुणाचा मुहूर्त असायचा, कुणाच्या जावयाची सुट्टी संपत आलेली असायची. "पोट तिचं आणि घाई ह्यांना," असं म्हणून बाईंनी एक दिवस स्वतः स्टुलावर चढून ते फिरवलं होतं म्हणे. सत्तरीला टेकलेल्या बाई, सुती साडी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. स्टुलावर चढल्या असतील यात मला तरी काही शंका नाही.

बाई म्हणजे डॉक्टर. पंचवटीत त्यांचं लहानसं प्रसूतिगृह होतं आणि मी तिथे काउंटरवर बसायचे. नंबर लावणं, फोन घेणं आणि नातेवाईकांना आवरणं ही माझी कामं. त्यातलं तिसरं काम सगळ्यात अवघड. कामावर लागले त्या दिवशी बाईंनी मला एकच गोष्ट शिकवली. "हे बघ, बाळंतीण झाली की बाहेर बसलेले सगळे विचारतात, नॉर्मल की सिझर? आपण सांगायचं, 'झाली. दोघं बरी आहेत.' त्याच्यापुढे तोंड उघडायचं नाही. तिला सांगायचं असेल तर ती सांगेल."

मी तसं सांगायचे आणि लोक माझ्यावर भडकायचे. "अहो पण झाली कशी?" "झाली." "म्हणजे टाके पडले का?" "दोघं बरी आहेत." एका मावशींनी तर मला पेढा दिला आणि उत्तर मिळेना म्हणून परत घेतला.

बाईंकडे नॉर्मल होतं, त्या उगाच कापत नाहीत, अशी त्यांची नाशकात ख्याती होती. बाईंना ती मुळीच आवडायची नाही. त्या म्हणायच्या, "पोटातून बाहेर यायला देवानं एक रस्ता केला, माणसानं दुसरा. दोन्हीवर टोलनाका आहे. कुठल्या रस्त्याने जायचं ते गाडी कशी आहे ते बघून ठरवू, आणि जिची गाडी आहे तिला विचारू." हे बोलताना त्यांच्या तोंडात मक्याचा चिवडा असायचा. टेबलाच्या खणात स्टेथोस्कोपच्या शेजारी चिवड्याचा डबा, आणि राग आला की मुठी भरभरून खायच्या. त्यामुळे त्या किती रागावल्यात ते डब्यावरून कळायचं.

आता 'जिची गाडी आहे तिला विचारू' हे म्हणायला सोपं. विचारायचं कसं? आपल्याकडे गरोदर बाई एकटी येतच नाही. पुढे सासू, मागे नवरा, बाजूला नणंद, आणि कुणीतरी एक काका असतात, ते का आलेत ते त्यांनाही ठाऊक नसतं. बाई विचारायच्या, "काय गं, झोप लागते का?" सासू सांगायची, "लागते की, चांगली लागते." बाई विचारायच्या, "जेवण जातं का?" नवरा म्हणायचा, "दोन पोळ्या खाते." ती बिचारी नुसती मान हलवायची. सगळ्यांना बाहेर जा म्हटलं तर जायचे आणि दाराला कान लावायचे. आमच्या दाराच्या त्या कोपऱ्यातला रंग कानांनी घासून गेला होता.

मग बाईंनी ती युक्ती काढली. माणूस नुसतं दाराबाहेर जाऊन भागत नाही, गावात गेलं पाहिजे. सासूला त्या गंभीर चेहऱ्याने म्हणायच्या, "एक काम करा. भद्रकालीच्या बाजारातून पांढऱ्या सुताची लडी आणा. पण तिला कुठेही गाठ नको. नीट बघून घ्या." गाठ नसलेली लडी शोधायची म्हणजे सासू चांगली तासभर अडकायची. सासऱ्याला देठासकट मोसंबी आणायला पाठवायच्या. नवऱ्याला म्हणायच्या, "दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलंय बघून या." पावसाळ्यात हे ठीक होतं, गोदेचा पूर नाशिककर पात्रातल्या त्या मारुतीवरच मोजतात. पण बाई भर मे महिन्यातही हेच सांगायच्या. देवळाली कॅम्पातला, सुट्टीवर घरी आलेला एक जवान उन्हातून चालत गेला, परत आला, दारात ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, पाणी नाही. मारुती कोरडा आहे." बाई म्हणाल्या, "शाब्बास. गाडगे महाराज पुलाखाली बघितलंत?" तो पुन्हा गेला.

तेवढ्या वेळात त्याची बायको आत रडून मोकळी झाली होती. तिला बाळ आपलं आपण येईपर्यंत थांबायचं होतं. पण नवऱ्याची सुट्टी संपत आली होती, आणि बाळाचं तोंड बघून जावं म्हणून घरच्यांनी ऑपरेशनची तारीख ठरवली होती. त्याला तिने सांगितलंच नव्हतं. बाईंनी त्याला घाम पुसू दिला, समोर बसवलं आणि तिच्या देखत सगळं सांगितलं. तो म्हणाला, "हे मला आधी सांगितलं असतं तर मी सुट्टी पुढे ढकलली असती." आणि खरंच ढकलली.

त्या खोलीतलं बरंच काही मला कळायचं, कारण नातेवाईक नसले की बाई दार उघडंच टाकायच्या आणि मला आत चहा आणायला सांगायच्या. एकीला सिझर नको होतं, कारण जावेचं नॉर्मल झालं होतं आणि आपलं सिझर झालं तर जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. दुसरीला सिझरच हवं होतं, कारण बहिणीच्या वेळेस दोन दिवस बाहेर बसून तिने सगळं ऐकलं होतं. पेठकडच्या डोंगरातून आलेली एक बाई पोटावर हात ठेवून एवढंच म्हणाली, "पोट कापलं त आवणीला कोण जाईल, बाई?" भातलावणीचे दिवस होते. तिच्यासाठी बाईंनी पुष्कळ वेळ काढला आणि चिवड्याला हात लावला नाही.

आणि एक होती मुहूर्तवाली. घरच्यांनी त्र्यंबकच्या गुरुजींकडून वेळ काढून आणली होती. बाईंनी त्यांना लडी, मोसंबी, मारुती असं सगळीकडे पांगवलं आणि विजयी मुद्रेने तिला विचारलं, "आता खरं सांग. तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "बाई, मुहूर्त मीच काढायला लावलाय. माझा विश्वास आहे." बाईंनी तिच्या तारखा पुन्हा एकदा मोजल्या. मग म्हणाल्या, "दिवस भरलेत, बाळ तयार आहे, आणि बोलते आहेस तू स्वतः. करू." केलं, आणि वेळेवर केलं. त्या दिवशी डबा दुपारीच रिकामा झाला.

पण नाशिकच ते. इथे साधी थाप टिकत नाही. कुण्या एका सासूच्या लक्षात आलं, की आपण लडी आणली आणि सुनेचं सगळं सुखरूप झालं. तिने ते देवळात सांगितलं. देवळातून ते भाजीबाजारात गेलं. बघता बघता असं झालं, की बाईंकडे जायचं तर बिनगाठीची लडी न्यावी लागते, त्याशिवाय बाळंतपण सुटत नाही. भद्रकालीतल्या एका दुकानदाराने पाटीच लावली, 'बाळंतपणाची लडी मिळेल.' माणसं सगळं बरोबर घेऊनच येऊ लागली. लडीला हळदकुंकू, मोसंबीच्या देठाला लाल दोरा, आणि नवरे येता येता मारुती बघून यायचे आणि विचारायच्या आधीच सांगायचे, "गुडघ्याला."

बाईंनी युक्त्या बदलल्या. निळी बाटली सांगितली, न चिरलेली सुपारी सांगितली, सरकारवाड्याच्या पायऱ्या मोजून यायला सांगितलं. पंधरा दिवसांत तेही सगळ्यांना पाठ झालं. मागच्या खोलीत लड्यांचा ढीग लागला होता. आम्ही त्यांनी फाइली बांधायचो, पडदे टाचायचो, तरी संपेनात. एकदा बाई त्या ढिगासमोर डबा घेऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, "या गावात खोटंसुद्धा बोलायची सोय नाही गं. लगेच त्याचा प्रसाद होतो."

नेमकं त्याच दिवसांत मला दिवस राहिले.

माझं सासर पिंपळगाव बसवंतचं, द्राक्षबागाईतदार. नवऱ्याची नाशकात नोकरी, म्हणून आम्ही दोघं इथे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माझी आई दोन्ही गुडघे बदलून पलंगावर होती, तेव्हा सगळा कारभार सासूबाईंकडे आला. सासूबाई म्हणजे सरळ उंच, बागेत चाळीस बायकांवर नुसत्या नजरेने हुकमत चालवणाऱ्या. त्यांचा स्वभाव वाईट नव्हता. पण त्यांचं एक वाक्य होतं, ते मी लग्न झाल्यापासून ऐकत होते. कुठेही बाळंतपणाचा विषय निघाला की त्या म्हणायच्या, "आमच्यात बाया आवाज करत नाय. मला तिघं झाली. बाहेर ओट्यावर सासरा बसलेला, त्याला कळलंसुद्धा नाय."

आणि मी? पाल अंगावर पडली तेव्हा माझ्या किंकाळीने तिसऱ्या मजल्यावरचे लोक खाली आले होते. काउंटरवर बसून मी रोज आतले आवाज ऐकत होते. कळा कशा असतात ते मला माहीत नव्हतं, पण त्या वेळी मी गप्प राहणार नाही एवढं पक्कं माहीत होतं. दाराबाहेर सासूबाई बसलेल्या, आतून माझा आरडाओरडा, आणि मग जन्मभर पिंपळगावात ती गोष्ट, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. म्हणून मी मनाशी ठरवून टाकलं, की आपलं सिझर करायचं. कमरेखाली बधिर, वर शांतता. पण हे बोलायचं कुणाजवळ? सासूबाई येताजाता म्हणत होत्या, "सूनबाईचं काय, नॉर्मलच होणार. तिथंच कामाला हाय ती." आणि ज्या बाईंपाशी साऱ्या गावातल्या बायका मन मोकळं करायच्या, त्यांच्यापुढे माझंच तोंड उघडत नव्हतं.

नववा लागला तेव्हा सासूबाई पिंपळगावहून माझ्याबरोबर तपासणीला आल्या. नवराही होता. सासूबाईंनी टेबलावर पिशवी रिकामी केली. लडी, मोसंबी, निळी बाटली, सुपारी. नवरा म्हणाला, "मारुतीच्या घोट्यापर्यंत पाणी आहे, आणि पायऱ्याही मोजल्यात." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"काय गं, काही त्रास?"

"नाय, काही नाय," सासूबाई म्हणाल्या. "नॉर्मलला काय अडचण नाय ना, बाई?"

बाईंनी खण उघडला, चिवड्याचा बकाणा भरला, खाल्ला. मग एकदम उठल्या. "मला जरा बाहेर काम आहे. तुम्ही दोघं इथेच बसा आणि माझा फोन बघा. तू चल गं माझ्याबरोबर." आम्ही बाहेर आलो आणि बाईंनी दाराला बाहेरून कडी घातली. मी पाच वर्षं तिथे होते, पण नातेवाईकांना आत कोंडलेलं पहिल्यांदाच पाहत होते.

समोर रसवंती होती. तिथल्या बाकावर बाई बसल्या, दोन ग्लास बिनबर्फाचे सांगितले आणि म्हणाल्या, "बोल."

घुंगरं वाजत होती, ऊस चरकातून जात होता, आणि मला रडू कोसळलं. मी म्हटलं, "बाई, मला सिझर हवंय."

मला वाटलं त्या रागावतील. त्या म्हणाल्या, "बरं. का?"

मी सगळं सांगितलं. पाल, ओटा, सासरा, आवाज न करणाऱ्या बाया. बाई रस पीत ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी तोंड पुसलं. "म्हणजे तुला कापून घ्यायचंय, ते ओरडावं लागू नये म्हणून?"

"हो."

"सिझर हवं असेल तर करू. चांगलं ऑपरेशन आहे, मी जन्मभर केलंय. त्याचं दुखणं नंतर असतं, तेही सांगते. थांबायचं असेल तर थांबू, पाठीतलं इंजेक्शन असतं, त्याने कळा बोथट होतात. पण हा जो आवाज आहे ना, ही भीती तुझी नाही. ही त्यांची आहे, तू उगाच सांभाळत बसलीयेस. आवाजाचं माझ्यावर सोड. तेवढं बाजूला काढ आणि मग काय उरतं ते बघून मला सांग. जे सांगशील ते."

मी ग्लास हातात घेऊन बसले. आवाजाची भीती काढून टाकल्यावर आत काय उरतं, हे मी कधी बघितलंच नव्हतं. रस संपवून म्हटलं, "थांबून बघते. पण मी बास म्हटलं की बास."

"तू बास म्हणालीस की बास," बाई म्हणाल्या. "पण ओरडून म्हणायचं."

परत येऊन कडी काढली तर आत सासूबाईंनी बाईंचं टेबल पुसून लख्ख केलं होतं आणि त्या फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, "पाय सुजलं तर उशीवर ठेव, मीठ कमी खा आणि उद्या येऊन दाखवून जा." फोन ठेवून म्हणाल्या, "कोण होती काय माहीत, लय घाबरली होती." बाई म्हणाल्या, "बरोबर सांगितलंत." मग खुर्चीत बसून त्यांनी अतिशय गंभीर चेहरा केला.

"आता नीट ऐका. हिच्या कळा सुरू झाल्या, हिला इथे आणून सोडलं, की तुम्ही लगेच पिंपळगावला जायचं. त्या दिवशीचं लोणी काढायचं, तुम्ही स्वतः कढवायचं आणि तूप गरम असतानाच इथे आणायचं. आधी करून ठेवलेलं चालणार नाही. दुसऱ्या कुणी केलेलं चालणार नाही."

सासूबाईंनी बाईंकडे टक लावून पाहिलं. बागेतल्या बायकांकडे बघतात तसंच. मला वाटलं, आता विचारणार, कशाला? पण त्या एवढंच म्हणाल्या, "बरं."

सासूबाई तेव्हा आमच्याकडेच राहायला आल्या होत्या. कळा सकाळी सुरू झाल्या. सासूबाई आणि नवरा मला दवाखान्यात सोडून लगेच गाडीत बसले. नवरा थांबतो म्हणत होता, पण त्याचा चेहरा बघून मलाच जास्त भीती वाटत होती, म्हणून मीच त्याला जा म्हटलं. गाडी वळली. बाईंनी खिडकीतून बघितलं आणि म्हणाल्या, "गेल्या. आता कुणी नाही. हाण."

मी हाणलं. पहिल्यांदा जरा लाजतच ओरडले. बाई म्हणाल्या, "हे काय, पाल पडली तेव्हा असं ओरडली होतीस?" मग मात्र मी काही बाकी ठेवलं नाही. नवऱ्याला नावं ठेवली, द्राक्षांना ठेवली, पिंपळगावच्या सगळ्या गप्प राहणाऱ्या बायांना ठेवली. बाई मध्येच म्हणायच्या, "छान. खालून आवाज काढ, घशातून नको." रसवंतीवाल्याने चरक बंद केला. एक रिक्षावाला काउंटरशी येऊन विचारून गेला, की काही मदत पाहिजे का. इतका मोकळा श्वास मी आयुष्यात कधी घेतला नव्हता.

मग कशी झाली? झाली. दोघं बरी आहोत.

तूप आलं तेव्हा दुपार कलली होती. सासूबाईंनी डबा टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरला होता. बाईंनी झाकण काढलं, बोट बुडवून चाखलं आणि भुवया वर केल्या. "गरम आहे. पण करपलंय जरा."

"करपलं खरं," सासूबाई म्हणाल्या आणि बाळाकडे वळल्या. मला नवल वाटलं. सासूबाईंच्या हातून तूप करपतं? पिंपळगावात लग्नाचं तूप कढवायला त्यांना बोलावून नेतात.

संध्याकाळी खोलीत आम्ही दोघीच होतो. बाळ झोपलं होतं. सासूबाई मला मऊ भात भरवत होत्या, त्यावर तेच तांबूस तूप. काही विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं, कारण त्यांनी विचारलं असतं तर मला खरं सांगावं लागलं असतं. त्यांनी काही विचारलं नाही. घास देता देता आपणच बोलायला लागल्या.

"तूप कढवायला कितीसा वेळ लागतो गं? मी बारीक गॅसवर ठेवलं. लय बारीक. तुझा नवरा सारखा विचारत होता, झालं का, झालं का. म्हटलं, नाय झालं. झालं होतं कवाच. पण म्हटलं, तिकडं तिचं मोकळं होऊ दे."

मी घास गिळून विचारलं, "आई, तुम्हाला कळलं होतं?"

"त्या बाईनं तूप सांगितलं तवाच कळलं." त्यांनी भात कालवला. बराच वेळ कालवत राहिल्या. "मला तिघं झाली ना, तवा मी पदर तोंडात कोंबला होता. सासू दाराशी बसलेली. दात रुतून पदराला भोकं पडली होती. माझ्या सासूला कुणी तूप आणायला धाडलं नाय."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, पण दुसऱ्या हाताने भात मात्र भरवत राहिल्या.

सुट्टी संपवून कामावर आले त्या दिवशी मी हे बाईंना सांगितलं. तुपाचा डबा तेव्हाही त्यांच्या कपाटात होता, तळाशी काळपट बेरी राहिली होती. बाई चिवडा खायच्या थांबल्या. मला वाटलं, आपली शेवटची थापही पकडली गेली म्हणून हसतील. हसल्या नाहीत. त्यांनी हिशेब केल्यासारखं माझ्या नवऱ्याचं वय विचारलं, मग त्याच्या थोरल्या बहिणीचं.

"तेव्हाही मी इथेच होते गं," त्या म्हणाल्या. "पिंपळगाव काय लांब होतं?"

मग उठून त्यांनी तो डबा काढला, त्यात साखर घातली आणि उभ्यानेच, चमच्याने खरवडून खरवडून ती करपलेली बेरी सगळी संपवली.